हात शेवटी

ग्रिम्सबीच्या वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी.
सात नंबरच्या खोलीत मंबी आजोबा.
पहिल्या रात्री पाटीवरचं आडनाव मी मुंबई वाचलं
आणि उगाच जीव लावून बसले.

पहाटे अंग पुसायला घेतलं की म्हणतात,
"आधी छाती. मग पोट. हात शेवटी, पोरी."
मग न विचारता सुरू होतात:
आइसलंडच्या वाटेवर ट्रॉलर कलंडला, ती फेब्रुवारी.

पहिलं मिनिट श्वास तुझा नसतो.
तोंड मिटून धर, एवढंच काम.
पोहायचं नाही.
दिव्याकडे पोहत निघाला तो इंजिनवाला हॅलम,
बंदरातल्या शर्यती जिंकलेला.
तोच आधी गेला.

अंगावरचं काही काढायचं नाही. बूटसुद्धा.
आईने विणलेला स्वेटर भिजून दगड झालेला,
तरी त्याच्या आत ओंजळभर पाणी
हळूहळू ओळखीचं होतं.

गुडघे पोटाशी.
फळीभोवती आम्ही चौघं, छातीला छाती,
आणि मधे भटारखान्यातला डेनिस. सोळाचा.
लोक म्हणतात, आम्ही त्याला ऊब दिली.
अगं, उलट!
असा थरथरत होता पोरगा
की त्याच्यावर आमची हाडं चालू होती.

थरथर थांबली कुणाची की शिव्या द्यायच्या.
बायकोवरून, आईवरून, काय सुचेल ते.
राग येतो तोवर माणूस आहे.

पाऊण तासाने एक नॉर्वेचं जहाज.
डेनिस शिडी चढला, आपल्या पायांनी.
डेकवर उभा राहिला, हसला,
कुणी चहाचा मग हातात दिला
आणि मगाच्या आधी तो खाली.

कुणी म्हणे, हातापायांतलं गार रक्त काळजात शिरलं.
कुणी म्हणे, पाण्याचा दाब सुटला.
पाणी मारत होतं तसं धरूनही होतं,
हे कुणाला माहीत?
मला शुद्ध नव्हती. जाळ्यात आडवा ओढला, कॉड ओढतात तसा.
म्हणून हा मी.

हात शेवटी पुसते मी.
ते हल्ली सारखे थरथरतात.
डॉक्टरांनी थरथरीवर गोळी दिली आहे, रात्री एक.
आजोबा ती बशीखाली लपवतात.
आज तिथे तीन होत्या.

साडेपाच वाजलेत.
चार्टमधला तो एक रकाना
मी अजून भरलेला नाही.