गाठींची पोथी

आमच्या बुवाची पोथी नाही, जाळं आहे.
चुलबंदच्या काठी, मोहाडटोल्यात,
समाधीमागच्या पेटीत
डांबरगोळ्यांच्या वासात वर्षभर पडून असतं.
पौषातल्या सप्तमीला चार जण धरून
मंडपात आणतात,
बैलगाडीतून आजारी माणूस उतरवावा तसं.

डोमाबुवा ढिवर. अक्षर येत नव्हतं.
अभंग सुचला की गाठ मारायचा,
साधी, दुहेरी, शेपूट सोडलेली,
आणि सांजेला डोंग्यात बसून
बोटांनी चाचपत सगळं पुन्हा म्हणायचा.
काठावर मोह गाळता गाळता
इस्तारी कलार ऐकायचा.
त्याच्या ध्यानात राहिले
तेवढेच आमच्या तोंडी आहेत: एकोणचाळीस.
गाठी सात हजारांवर.

*सुटला तो देवाचा*
*अडकला तो पोटाचा*
*मोजू नको डोमा*
*सांज झाली*

ह्या एका अभंगावर दरवर्षी भांडण.
नान्हे गुरुजी माईकवर सांगतात,
साक्षात्कारानंतर बुवांनी मासेमारी सोडली.
मागून माझी सासू बयना, माईकपेक्षा मोठ्यानं:
"सोडली असती त खाल्लं काय असतं? तुमचा भोंगा?"
बायका पदराआड.
मंडपात काल्याचा भात, वरण, वांग्याची भाजी.
आमच्या मागच्या दारी झिंग्यांचं कालवण,
पहिला घास समाधीकडे तोंड करून.

गुरुजींच्या पुस्तिकेत
बुवा पाण्यात उजेड होऊन विरतो.
बयना म्हणायची, ताप होता.
सात दिवस भागरथा कपाळावर ओलं फडकं बदलत होती.
शेवटच्या रात्री त्यानं जाळं मागितलं,
बोटं बराच वेळ हलत होती,
आणि एक गाठ अर्धी राहिली.
कोणती, ते भागरथानं कोणाला सांगितलं नाही.

आता गुरुजींनाही ठाऊक नसलेलं सांगते.
उंदीर.
पावसाळा सरला की पेटी उघडायची,
कुरतडलेलं, कुजलेलं कापून काढायचं,
मांडीवर सणाचा दोरा वळायचा, बांबूच्या सुईनं
भोकाला भोक जुळवत जायचं.
लग्नानंतरच्या पहिल्या आश्विनात
बयनानं मला शिकवलं, तिला तिच्या सासूनं,
तिला तिच्या.
"मंग यातली बुवाची गाठ कोणती?" मी विचारलं.
ती दातानं दोरा तोडत होती.
"तुले कायले पायजे? मासा इचारते का?"

साकोलीकडचा एक म्हातारा
डोकं टेकवून रडला गेल्या साली,
उठेचना.
ती गाठ माझी होती. मारताना
सिलिंडर संपल्याचा विचार करत होते.
सांगावंसं वाटलं. मग त्याचे खांदे पाहिले
आणि पाणी आणून दिलं.

यंदा बयना नाही.
कंदील नको आता, बल्ब आहे,
तरी मी जाळं दारात उन्हात पसरून बसले एकटीच.
आणि वाचता आलं मला, पहिल्यांदा.
ती डावखुरी होती. तिची गाठ डावीकडे कलते.
ही तिची. ही तिची. ही घाईतली,
दूध उतू जात असणार.
ह्या सलग अकरा घट्ट, इतक्या घट्ट की सुई शिरत नाही,
ती थोरला दीर बुडाला ते साल असावं,
त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

शिशाच्या मण्यांजवळ, अगदी काठाशी
एक दोरा फिरून आलाय, आत शिरलाय,
ओढलेला नाही.
उंदराचं काम असेल.
किंवा बयनाच मध्ये उठली असेल,
दारात कोणी हाक मारली म्हणून.

सुई ओवून तयार होती माझी.
ऊन सरकत अंगणाबाहेर गेलं.
मी दुसरीकडची भोकं भरली,
आणि घडी घालताना तो कोपरा
आतल्या बाजूला घेतला.