दाराकडं तोंड करून

पहिल्यानं विचारलं, झोप लागते का,
आणि उत्तराआधीच गोळ्या लिहिल्या.
दुसरा म्हणाला, गड्यासारखा गडी तू, विसर की आता.
विसरलो.
केएमटीचा पास विसरलो, पोरीचा वाढदिवस विसरलो.
शिरोलीच्या फाउंड्रीतला रस मात्र
रोज रात्री सव्वातीनला सांडतो,
दिलावरच्या बुटापर्यंत येतो.

तिसरी राजारामपुरीत, आठव्या गल्लीत.
खाली झेरॉक्स, वर शिरगुप्पे बाई.
मी उभाच.
त्या म्हणाल्या, खुर्ची कुठं ठेवू तुमची?
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
दाराकडं तोंड करून, म्हटलं.
स्वतः उठून त्यांनी सरकवली.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
मी टेबलाची कड धरली.
त्यांनी शांत व्हा म्हटलं नाही,
त्याही थांबल्या, शिट्ट्या मोजत.
चार झाल्या.
भात असणार, मी म्हणालो.
डाळ, त्या म्हणाल्या, भाताला एवढ्या लागत नाहीत.

दिलावरचं नाव त्या दिवशी निघालं नाही.
जिना उतरल्यावर मूठ उघडली:
पुढच्या मंगळवारची चिठ्ठी,
घामानं भिजलेली.
वाचता येत होती.