पाव फेरी

पाचव्या दिवसाच्या पाण्यासाठी
रात्री तीनला उठणारा माणूस
त्या रात्री तीनला आमच्याकडे आला, रिक्षातून,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.
राजेशम बोगम, वय सत्तावन्न,
महापालिकेचा चावीवाला, विडी घरकुलकडचा.
बायकोच्या बोटांना तंबाखूचा वास
आणि हातात त्याची ती लांब लोखंडी चावी.
का आणली, तिलाच ठाऊक नाही.

शीर दोन तास बंद.
डॉक्टर म्हणाले, उघडू,
पण उघडणं ही अर्धीच गोष्ट, सिस्टर.
उपाशी पेशींवर एकदम रक्त सोडलं
की कॅल्शियम दारं ढकलून आत घुसतं,
मूठ आवळते
आणि सुटायचं विसरते.
उपासानं राहिलेलं जेवणानं जातं.

म्हणून रक्ताच्या आधी मॅग्नेशियम.
दाराशी बसवायचं, आडवं.
मी अँप्यूल फोडली, पंप सावकाश लावला.

"काय टोचताय ओ?"
मीठच आहे, म्हटलं. जुलाबाला देतात ते.
शेंगांतही असतं.
"मग आम्ही चटणी रोज खातो की,
ते कुठं गेलं?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

डॉक्टरांकडेही सगळं नव्हतं.
एका अभ्यासात माणसं वाचली,
त्याहून कितीतरी मोठ्या अभ्यासात फरकच दिसला नाही.
कुणी म्हणतं, उशिरा दिलं, रक्त आल्यावर.
कुणी म्हणतं, मिठाला मिठाइतकंच माना.
याच्या रिपोर्टात ते कमी होतं,
आम्हाला तेवढं निमित्त पुरलं.

"अंगात ऊन उतरतंय," राजेशम म्हणाला.
मी गुडघ्याखाली टिचकी मारली. पाय हलला.
श्वास मोजले. सोळा.
छताकडे बघत तो मलाच शिकवू लागला:
मेन लाइन एकदम खोलायची नसती, सिस्टर.
पाव फेरी. थांबायचं.
हवा फुसफुसत जाऊ द्यायची.
चार दिवस कोरडा पाइप,
त्याला पाण्याचंच भ्या असतं.
आणि पहिलं पाणी कुणी भरू नये, गढूळ येतं.

चार दहाला शीर उघडली.
पडद्यावर ठोके वेडेवाकडे,
रुंद, बेशिस्त, एकामागं एक.
पुस्तकात त्यांना नाव आहे,
माझ्या पोटात नुसता गोळा.
मग एक सरळ.
मग दोन.
"नीळ्ळु वच्चिनाय," तो पुटपुटला.
माझं तेलुगू शेजारणीच्या हाकेपुरतं,
पण ही हाक रोजचीच:
पाणी आलं.

ड्यूटी संपवून घराकडे वळले
तर चौकात कारंजं.
बदलीचा पोरगा, नवा,
त्यानं पान्यानंच व्हॉल्व्ह फिरवला, सगळाच्या सगळा.
डांबर उलून लाल पाणी सुटलेलं,
बाया घागरी घेऊन धावतायत, शिव्या देतायत,
तो ओला, रडवेला, पाना शोधतोय.
चपला हातात घेऊन मी उभी राहिले.

चावी आमच्या वॉर्डात होती,
सहा नंबरच्या खाटेखाली,
चिखलासकट.