उघाडी

नववी ब. बेचाळीस वह्या.
विषय मीच दिलेला : जगापुढील समस्या आणि उपाय.
समस्या दोन-दोन पानं,
वितळणाऱ्या, पेटलेल्या, आटलेल्या, बुडणाऱ्या,
खाली लाल रेघ, आकडे गुगलचे.
उपाय शेवटच्या तीन ओळींत.
जनजागृती केली पाहिजे.
आपण सर्वांनी एकत्र आले पाहिजे.
एकाने नुसतं लिहिलं होतं : वेळ संपली.

त्याला मी पैकीच्या पैकी दिले असते.
रात्री दिवा मालवून मीही तो नकाशा बघायचे
ज्यात काही वर्षांनी आपली बाजू निळी होते.
ऐरोली निळी, वाशी निळी,
कोपरखैरण्यातली माझी दीड खोली
हप्ते फिटायच्या आत निळी.

ऋणाली मढवीच्या सहाच ओळी :
‘आमचे शहर भरतीच्या पाण्याहून खाली आहे.
पण ते रोज बुडत नाही कारण खाडीला झाकन आहे.
माझे आजोबा झाकनातला कचरा काढतात.
भरती दिवसातून दोनदा येते.
ओहोटी पण दोनदा येते.
हे कोणी सांगत नाही.’

दोन्ही ‘झाकन’भोवती मी गोल काढले.
मग शनिवारी बघायला गेले.

धारण तलावाच्या कडेला, कांदळवनाला लागून
काथोड मढवी उकिडवे बसलेले,
हातात आकडी लावलेला बांबू.
मला खुर्ची म्हणून रंगाचा डबा उलटा केला.
‘आज चौथ. तिथीची पाऊनपट करा, बाई.
चार पाऊनं तीन.
तीनला भरती पुरी.’
मी गणितात कच्ची. घड्याळात अडीच.
पाणी चिखलातून वर येतच होतं,
खेकड्यांची भोकं एकेक मिटवत.

लोखंडी झापड वरच्या बिजागरीला लोंबत होतं.
खाडीने बाहेरून रेटलं,
झापड हळूच बसलं,
शेजारणीने दार लोटावं तसं.
ना मोटर, ना बटण.
‘फकस्त मधी चप्पल नको.’
त्या दिवशी निघालेलं : चपला पाच, जोडी एकही नाही,
थर्माकोलचं अर्धं मखर,
शहाळी, एक बाहुली,
काच नसलेली देवाची तसबीर; ती त्यांनी बाजूला ठेवली.

मी नकाशा दाखवला.
हात लुंगीला पुसून त्यांनी मोबाईल धरला,
निळ्यात आपलं गाव शोधलं,
सापडल्यावर हसले, ओळखीचं माणूस दिसल्यासारखे.
‘बरोबर हाय. पानी वर येतंय.
माझ्या गुडघ्याला म्हाइत हाय.’
मोबाईल परत दिला.
‘हे कुठल्या टायमाचं? भरतीचं ना?’

उत्तर मला येत नव्हतं.
नकाशात वेळ लिहिलेली नव्हती.

सहापर्यंत बसले. डास चावले.
काका मिठागराचं बोलत राहिले, बापाच्या खाजणाचं,
तिथल्या बांधात लाकडाची फळी होती,
हिच्यासारखीच, अडवणारी.
‘तिला आमी उघारी म्हनाचो.’

उघाडी.
ज्या फळीचं अर्धं आयुष्य मिटण्यात जातं
तिला नाव ठेवताना माणसांनी
उरलेलं अर्धं आयुष्य निवडलं.

अंधारता अंधारता झापडाच्या कडेतून आधी एक रेघ गळली,
मग शहराचं पाणी
काळं, साबणाचं, सगळ्या सेक्टरांचं
ढकलत बाहेर पडलं.
वास असा की पदर नाकाला लावला.
सुंदर वगैरे काही नव्हतं.
काकांनी बिजागरीला ग्रीस लावलं,
बोटं गवताला पुसली.
तीन महिने कंत्राटदाराने पगार दिला नाही, म्हणाले,
अगदी त्याच आवाजात.

उतरताना कडेला एक चप्पल अडकलेली दिसली, लहान मुलाची.
बांबू मागितला.
चौथ्या खेपेला निघाली.

रविवारी वह्या संपवल्या.
शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापलाच,
झाकणाचा ण तो ण.
समासात लिहिलं : आजोबांचा शब्द विचारून ये.

नकाशा अजून बघते.
फक्त आधी तिथी बघते,
पाऊणपट करते,
बोटांवर, चुकत.