बर्फाची दरड

तिकिटं फ्रिजवर लावलीत, हापूसच्या चुंबकाखाली.
नऊ जानेवारी. खिडकीची जागा.
मी रोज विचारते, बोगदा केवढा?
हे म्हणतात, अकरा किलोमीटर.
आणि मधेच थांबली तर?
तर थांबली.

बर्फाची दरड, म्हणते मी. तिचा खरा शब्द जिभेवर बसत नाही.
आधी आवाज येतो, की आधी तीच येते?
हे पेपरची घडी करतात.

कळव्यात आमच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो.
त्याच्या पोटातून तीस वर्षं ये-जा केली,
अंधारात पर्समधली किल्ली चाचपत.
त्याला मी कधी घाबरलेच नाही.

पण कसारा.
रेल्वेचं क्वार्टर, श्रावण, रात्रीचे दोन,
हे घाटात, कंदील नि हातोडा घेऊन
कातळ ठोकून बघत.
पोकळ बोलला तर लाल दिवा.
मी कूस न बदलता पडलेली,
गाडी घाट उतरल्याचा आवाज येईपर्यंत.
पहाटे बूट काढत म्हणायचे, चहा टाक.
इतकंच.

काल पुन्हा विचारलं, तर म्हणाले,
"तिकडेही कुणीतरी चालतच असेल की रात्रीचं."

मग झोपेत डोंगर आलाच नाही.
आली कुणी बाई, शेगडीपाशी बसलेली,
कान रुळांकडे.

सकाळी बॅगेत डिंकाचे लाडू भरले,
एक डबा जास्तीचा.
"हा कुणाला?"
सांगता येईना.
वर टॉर्च ठेवला, नवे सेल घालून.
"बोगद्यात दिवे असतात गं."
असू देत.