हंयसर थंडी खंय

कुडाळच्या बाजारात शेगडी शोधतेय मी,
डिसेंबरात, घामानं ब्लाऊज पाठीला चिकटलेला.
"वैनी, हंयसर थंडी खंय पडता?"
टेबलफॅन पुसता पुसता दुकानदार हसतो.
खरंय. माडाला कोण शाल पांघरवतं?

पण त्याला वाजते.
आठवड्यातून दोनदा ओरोसला
यंत्रातून फिरून येतं त्याचं रक्त,
आणि ऊब तिथंच विसरून येतं.
दोन गोधड्या, कानटोपी, माझे लोकरीचे मोजे,
तरी नखं निळी.
लाकडं नकोत, डॉक्टर म्हणाले, धूर चालायचा नाही.
विजेचा हीटर लावावा
तर मीटर असा पळतो की त्यालाच ताप भरावा.

मग कुणीतरी सांगितलं,
भुशाच्या गोळ्यांवर चालते एक,
धूर नळीतून बाहेर, ऊब आत.
कोल्हापूरला फोन लावला.
बेचाळीस हजार, गाडीभाडं वेगळं.
"मॅडम, ऑफर मंगळवारपर्यंतच."
मंगळवारी आमचं डायलिसिस असतं, मी म्हटलं
आणि फोन ठेवला.

शेवटी सावंतवाडीचा इनास वेल्डर.
सगळं ऐकून घेतलं, हसला नाही.
कानामागची बिडी काढली, परत कानामागे ठेवली.
भंगारातल्या बंबाची टाकी,
वर पत्र्याचं नरसाळं, गोळ्या आपसूक घसरायला,
दाराला तळहाताएवढी अभ्रकाची काच.
"सहा हजार. रंग हवो तर दोनशे जास्ती."
रंग नको म्हटलं.

गोळ्यांचं पोतं सॉ-मिलच्या मागच्या शेडमधून:
आंब्याच्या पेट्यांचा, अकेशियाचा भुसा
दाबून पेन्सिलीच्या तुकड्यांएवढा केलेला.
ओंजळीत घेतला तर कोंबड्यांचं खाद्य वाटावं.
शेजारच्या रोझलीनची कोंबडी फसलीसुद्धा.

पहिल्या रात्री
पाईप भिंतीतून पार बाहेर, सांध्याला ओली माती,
आणि समोरच्या भिंतीवर
उजेडाचा एक हलता चौकोन.
"किती पडले?"
"तीन."
उरलेले तीन पदराखालच्या
मोकळ्या कानांना ठाऊक.

कधीतरी पहाटे,
मासळीचा पहिला टेम्पो रस्त्यानं गेल्यावर,
गोधडी पायानं ढकलत तो कुरकुरला,
"खिडकी उघड गो. उकडतंय."

मी जागीच होते.
लगेच उठले नाही.
काय म्हणालास, विचारलं,
नीट ऐकू नाही आलं.