हातगुण

दिवाळीत चकली अडली घशाशी, आम्ही हसलो.
संक्रांतीला भाकरी अडली.
शिवरात्र आली तेव्हा मी द्राक्षं सोलून देत होते एकेक,
आणि तीही गिळल्यावर
छातीमागे कुठेशी थांबून विचार करायची.

दुर्बीण घातली. अन्ननलिका पोटाला मिळते
त्याच वळणावर गाठ.
तुकडा तपासायला गेला, आणि अख्खी तांबट लेन
आमच्यासाठी डॉक्टर शोधायला निघाली.

विमलताई म्हणाल्या, मुंबई नाक्याचे ते, हातगुण आहे त्यांना,
सुनेचं अपेंडिक्स बघा कसं चुटकीसरशी.
जाऊबाईंचा भाचा मोबाइलवर तारे मोजून सांगे,
साडेचार, चार पूर्णांक आठ.
समोरचा टिळेकर म्हणाला, गंगापूर रोडला न्या,
तिथे लिफ्टमध्येसुद्धा गारवा आहे.

हे ऐकत होते. चाळीस वर्षं तांबं ठोकून
कान निम्मे गेलेत, तरी ऐकत होते.
मग एवढंच बोलले:
तांब्या चांगला घडवतो म्हणून
घंगाळ द्यावं का कुणी त्याला?

पहिल्या डॉक्टरांनी चित्र काढलं सुरेख.
काळजी नको, सोपं आहे, म्हणाले.
हे जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले.
सोपं म्हणाला, असं दोनदा म्हणाले.

दुसऱ्यांनी फाइल पुढून मागून वाचली.
पित्ताशय, हर्निया मी रोज करतो, म्हणाले,
हे वर्षाकाठी दोन. माझ्याकडे नका करू.
चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं, फी परत केली.
त्या माणसाला मी अजून विसरले नाही,
जरी त्याने आमचं काहीच केलं नाही.

चिठ्ठीतल्या डॉक्टर बोरस्ते बाई, शरणपूर रोडच्या मागे.
चष्म्याला दोरी. टेबलावर अर्धा खाल्लेला पेरू.
त्यांनी आधी यांना दोन मजले चढायला लावलं
आणि स्वतः मागून चढल्या, श्वास मोजत.
मग वजन. मग तंबाखू. खरं सांगा, म्हणाल्या, मला खोटं कळतं.

मुलीने वहीत लिहून दिलेले प्रश्न मी वाचले.
अशी किती केलीत? आकडा सांगितला, लगेच.
रात्री दोनला काही झालं तर कोण?
भूलवाल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि स्वतःचं.

वहीत नसलेला प्रश्न यांनी विचारला.
बिघडलं कधी?

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. काढलं.
जोड गळला, म्हणाल्या, पाच जणांचा.
चौघे घरी गेले. सिन्नरचे एक अजून वांगी घेऊन येतात.
एक गेले.
आणि एकदा पोट उघडून तसंच शिवलं,
करण्यासारखं उरलंच नव्हतं.
बाहेर येऊन त्यांच्या मुलाला ते मीच सांगितलं.

हे त्यांच्या हातांकडे बघत होते.
नखं मुळापर्यंत कापलेली, अंगठा जरा जाड.
म्हणाले, आम्ही जोड दिला की भांडं भरून ठेवतो रात्रभर,
सकाळी खाली ओल आहे का बघतो.
बाई पहिल्यांदा हसल्या.
आम्हीही पाजून बघतो, सहाव्या दिवशी. मगच पेज.

आधी सलाइनमधून चार वेळा औषध, मग ऑपरेशन,
घाई नाही आणि उशीरही नाही, असं ठरलं.
पहिलं मंगळवारी.
विमलताईंना मंगळवार पटला नाही.

रिक्षात हे गप्प होते. अशोक स्तंभाशी म्हणाले,
पेरू ठेवून आल्या होत्या त्या, आपल्यासाठी.

काल रात्री यांनी शेवटचं घंगाळ
काठोकाठ भरून ओट्यावर ठेवलं.
पहाटे मी वाकून खाली हात फिरवला.
फरशी गार होती.
ओली की नुसतीच गार,
दिवा लावून बघायचं धाडस मी केलं नाही.